दगडीचं तिकीट

कॅनडाहून आलेलं पाकीट पोस्टमननं फाटकाच्या गजात खोचून ठेवलं होतं. त्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलेलं. पिंप, बादल्या, हंडे भरून होईपर्यंत मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. गारखेड्यात पाणी आलं की दारात देव आला तरी त्यानं जरा थांबावं.

दुपारी जेवून पलंगावर आडवी झाले तेव्हा पाकीट हातात घेतलं. करुणानं, माझ्या मुलीनं, नातीनं काढलेलं चित्र पाठवलं होतं. चित्रात हत्ती होता की चहाची किटली, हे ठरवणं अवघड. पण माझी नजर अडकली ती पाकिटावरच्या तिकिटात. त्यावर एक इमारत होती. लांबलचक, खिडक्यांच्या रांगा, दाराशी पायऱ्या आणि माणूस एकही नाही. तिकिटावर राजे असतात, पक्षी असतात, फुलं असतात. रिकामी इमारत कुणी कशाला छापील? ह्यांचं भिंग कपाटात होतं, ते काढलं. हे जाऊन पाच वर्षं झाली, भिंग राहिलं. खिडक्या मोजायला लागले आणि मोजता मोजता डोळा लागला.

झोपेत म्हणा, गुंगीत म्हणा, वरच्या रांगेतल्या तिसऱ्या खिडकीत एक मुलगी येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी गज धरले होते. कूलरचं गार वारं माझ्या तोंडावर येत होतं आणि ते त्या खिडकीतूनच येतंय, असं मला वाटत राहिलं. मुलगी काही बोलली नाही. मीही बोलले नाही. आमची ती जुनी सवय.

संध्याकाळी करुणाचा फोन आला. तिकडं सकाळ होती, ती ड्यूटीवर निघण्याच्या घाईत होती.

"आई, तिकीट बघितलंस? मी मुद्दाम शोधून लावलं," ती म्हणाली. "इथल्या आदिवासींच्या पोरांना घरून नेऊन असल्या शाळांत ठेवायचे. केस कापायचे, घरची भाषा बोलू द्यायचे नाहीत, नावं बदलायचे. कितीतरी पोरं घरी परत गेलीच नाहीत. आता इथलं पोस्ट त्या शाळांची तिकिटं काढतं. लोकांनी विसरू नये म्हणून."

"लाज वाटली की तिकीट काढतात होय?" मी म्हणाले. "आपल्याकडं लाज वाटली की फाईल हरवते."

ती हसली, मग म्हणाली, "तुझी आश्रमशाळा तसली नव्हती ना गं?"

"छे," मी म्हणाले. "आम्हाला कुणी उचलून नेलं नाही. माझ्या बापानंच नेऊन सोडलं. दोन वेळा पोटभर मिळायचं."

हे खोटं नाही. आम्ही कन्नड तालुक्याच्या डोंगरातले भिल्ल. माझ्या आधी आमच्या पाड्यावर बाईमाणसानं पाटी पाहिली नव्हती. त्या शाळेत गेले म्हणून मी नर्स झाले, म्हणून माझी पोरगी आज कॅनडात नर्स आहे. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला चावायचं? पण घरची बोली बोलली की गुरुजींपुढं छडीसाठी हात उघडावा लागायचा, हेही खोटं नाही. आता ती बोली माझ्या तोंडात चार-दोन शब्दांपुरती उरली आहे.

"ऐक," करुणा म्हणाली, "एक जूनला तुझा वाढदिवस. आपल्याकडं पोस्टात माय स्टॅम्प काढून मिळतो. आपण फोटो द्यायचा, तिकिटावर आपला चेहरा येतो. तुझा तो शाळेतला फोटो दे. एका पानावर बारा तिकिटं असतात. त्यातलं एक लावून मला पत्र पाठव. माझं गिफ्ट समज."

एक जूनचं काय सांगू? आमच्या शाळेतल्या झाडून सगळ्या पोरी एक जूनला जन्मल्या. दाखल करताना गुरुजींना दुसरी तारीख सुचायचीच नाही.

आणि तो फोटो. तो समोरच्या भिंतीवर होता. शाळेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा एक स्मरणिका निघाली. शाळेचं एवढं कौतुक त्या पानांत होतं की मेलेल्या म्हशीला मणभर दूध. त्यात जुना गटफोटो होता आणि खाली नावं छापलेली. दुसरी रांग, डावीकडून तिसरी, कुमारी सत्यभामा. ह्यांनी ते पान कापून फ्रेम करून आणलं. "काय गोड दिसत होतीस," म्हणाले. फोटोतल्या मुलीच्या झंपराची एक बाही काळी दिसते, एक पांढरट. करुणा लहानपणी खुर्चीवर चढून त्या बाहीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "आईची गंमतबाही."

माझं नाव सत्यभामा. आधारकार्डावर तेच, पेन्शनच्या कागदावर तेच. पण त्या फोटोतली मुलगी मी नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

वाढदिवसाला तीन आठवडे होते. मनाला म्हटलं, एवढी वर्षं भिंतीवर चाललं, आता तिकिटावर चालेल. फ्रेम पिशवीत घातली आणि शहागंजला गेले. तिथल्या जुन्या स्टुडिओवाल्यानं एवढासा चेहरा कॉम्प्युटरवर मोठा केला. मोठा होता होता तो दाणेदार झाला, धुळीआडून कुणी बघावं तसा. स्टुडिओवाल्यानं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"ये आप हैं, खाला?"

"हो."

"आँखां नै मिलते," तो पुटपुटला आणि फोटो पाकिटात घालून दिला.

पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर संघपाल नावाचा पोरगेला कारकून बसतो. गोड माणूस. पेन्शनच्या कामाला जायची तेव्हापासून ओळख. त्यानं फॉर्म दिला, फोटो पाहिला, आधारकार्डाची झेरॉक्स घेतली.

"झकास येईल, मावशी. इथं सही करा. फोटोतली व्यक्ती मीच आहे, एवढंच लिहिलंय."

मी पेन उचललं. हजारो वेळा केलेली सही. गोळ्यांच्या रजिस्टरवर, जन्माच्या दाखल्यावर, बँकेत, ह्यांच्या मृत्यूच्या कागदावर. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच उभं राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं आणि त्यामागं, कप्प्यांच्या रांगांमध्ये, ती उभी असल्यासारखं वाटलं. सात वर्षांची. गज धरून.

"मावशी? बरं वाटत नाय का?"

"दुसऱ्याचा फोटो असला तर?" मी विचारलं.

"तर त्याची सही अन् त्याचं ओळखपत्र. लहान लेकरू असलं तर आईबापाची सही." तो हसला. "तुम्ही काय आता लहान नाय."

मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पंखा फिरायचा, बाहेर भंगारवाला ओरडत जायचा आणि मी जागेपणीच आश्रमशाळेच्या त्या लांब खोलीत जाऊन बसायची.

मी शाळेत गेले तेव्हा सहा वर्षांची होते. दिवाळी होऊन थंडी पडली होती. बापानं कागदावर अंगठा दिला, पाठीवर हात फिरवला आणि निघाला. गुरुजींनी विचारलं, नाव काय? मी म्हणाले, बुधी. बुधवारची म्हणून बुधी, आमच्यात असंच असतं. गुरुजींनी हजेरीवरून बोट फिरवलं. नवं नाव चढवायचं तर वर लिहा, मंजुरी आणा. त्यापेक्षा यादीत एक जागा रिकामी झाली होती, तिथं बोट थांबलं. "आजपासून तू सत्यभामा," ते म्हणाले. "दुसरं नाव तोंडातून काढायचं नाही."

कोपऱ्यातल्या पेटीतून मला एक झंपर मिळालं. एक बाही हिरवी, एक लाल. झोपायला खिडकीखालची जागा मिळाली. पोरींनी पहिल्याच दिवशी कानात सांगितलं, ही दगडीची जागा. दगडी म्हणजे आधीची सत्यभामा. तिला ताप आला, बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेली आणि गाडी रिकामी आली. तिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. निरोप धाडला म्हणतात. कुठं पोचला कुणास ठाऊक.

पहिले काही दिवस मला तिची भीती वाटली. मग सवय झाली. मी तिच्या जागेवर झोपायची, तिच्या नावाला "हजर" म्हणायची, तिच्या झंपरात हात घालायची. हळूहळू तिच्या आठवणीही मला येऊ लागल्या. तो गटफोटो मी शाळेत यायच्या आधीचा. तरी फोटोवाल्याचं काळं कापड, डोळे मिटू नका म्हणून तो ओरडला ते, शेजारणीचा कोपर लागला तो, सगळं मला आठवतं. पोरींनी सांगितलं असेल. की तिनंच सांगितलं? मला खरंच माहीत नाही.

आणि मग ती दुपार. चैत्र होता. शाळेच्या फाटकात एक बाई आली. उन्हानं काळी पडलेली, काखेत लहान पोरगा, हातात फडक्यात बांधलेला गूळ. कारखान्यावरून सरळ आली होती. तिनं विचारलं, "माझी दगडी कुठंय?"

आधीचे गुरुजी बदलून गेले होते. नव्या गुरुजींनी हजेरी काढली, वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. "इथं दगडी नावाची कुणी नाही," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत बिचारे. हजेरीत दगडी कधी नव्हतीच. शाळेत लेकीचं नाव काय लागलं होतं, ते त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी खिडकीत उभी होते. मला ठाऊक होतं. आख्ख्या शाळेत त्या क्षणी मलाच सगळ्यात चांगलं ठाऊक होतं, कारण मी तिच्याच कपड्यांत उभी होते. एक हाक मारायची होती, तेवढंच. पण दुसरं नाव तोंडातून काढायचं नाही, हे माझ्या हाडात गेलं होतं. आणि बोलले तर जागा जाईल, ताट जाईल, परत डोंगरात जावं लागेल, ही भीती. मी गज धरून गप्प राहिले. बाईनं एकदा वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गुळाचं फडकं फाटकाला बांधलं, पोरगा काखेत सावरला आणि निघून गेली.

त्या गुळाचा खडा संध्याकाळी मलाही मिळाला. मी तो खाल्ला. इतका गोड गूळ मी नंतर कधी खाल्ला नाही आणि तो मला कधी पचलाही नाही.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षांची पोर, तिचा काय दोष? बरोबर आहे. पण पुढं मी सहा वर्षांची राहिले नाही ना. नोकरीत बारा वर्षं गंगापूर तालुक्यात होते. पोलिओच्या एका रविवारी लासूर स्टेशनला, मार्केट यार्डामागच्या वस्तीत, एका हमालाच्या दारात उभी होते. त्याचं नाव सांडू. त्याची पोरगी सहा वर्षांची, शाळेत घातलेली नव्हती. मी आपलं नर्सबाईचं भाषण सुरू केलं. तो म्हणाला, "बाई, आमची मोठी बहीण दगडी, शाळेत गेली ती आलीच नाय. आईचं मन व्हत नाय." आतून म्हातारीचा खोकला ऐकू आला. मी तिच्या कडेवरच्या धाकट्या भावाच्या बोटावर शाईची खूण केली आणि पळाले. पुढल्या वेळेपासून ती वस्ती दुसऱ्या नर्सला दिली आणि तिची मी घेतली. त्याला वीस वर्षं होऊन गेली. मोठी शहाणी नर्स मी, जगाला सुया टोचत फिरले.

चौथ्या दिवशी सकाळी उठले, शहागंजातून किलोभर गूळ घेतला आणि स्टेशनवर जाऊन पॅसेंजरमध्ये बसले. फ्रेम मांडीवर होती. गाडी रिकामीच होती. दौलताबाद गेलं, पोटूळ गेलं. बाहेर नांगरून टाकलेली रानं उन्हात हलत होती, खालची जमीन पाणी झाल्यासारखी. त्या पाण्यावरून एक मुलगी गाडीबरोबर चालत होती. पळत नव्हती, चालतच होती, तरी मागं पडत नव्हती. मी डोळे चोळले नाहीत. म्हटलं येऊ दे, तिचंच घर आहे.

लासूरला यार्डामागची वस्ती आता पक्की झाली आहे. सांडू दारातच बसला होता. केस पिकलेले, पाठ पोत्यांनी वाकलेली. त्यानं मला ओळखलं.

"पोलिओवाल्या बाई ना तुम्ही? या की. लई वर्सांनी."

"आई आहे?" मी विचारलं.

"हाये की. तेवढं दिसत नाय आताशा. ऐकू लख्ख येतं."

सांडूची आई, ठकूबाई, आत भिंतीला टेकून बसली होती. नव्वदीची असेल. अंगावर चामडी आणि हाडं, पण मान ताठ. मी तिच्यापुढं जमिनीवर बसले. येताना गाडीत पाठ केलेलं सगळं विसरले. गुळाची पुडी तिच्या हातात दिली आणि एका दमात बोलून टाकलं. हजेरी, बैलगाडी, रिकामी जागा, ते नाव. आणि मग, "तुम्ही आलात तेव्हा मी खिडकीत होते. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

सांडू दारात उठून उभा राहिला. म्हातारी हलली नाही. तिनं गुळाचा वास घेतला.

"काय नाव लावलं व्हतं तिला थितं?" तिनं विचारलं.

"सत्यभामा."

"चांगलं नाव." तिनं पुडी मांडीवर ठेवली. "हिच्या आधीची माझी दोन गेली व्हती. म्हणून म्या दगडी ठिवलं. दगडाकडं कोण बघतं? हा झाला तवा सांडू ठिवलं, सांडलेलं कोण उचलतं? हा ऱ्हायला. तिला त्यांनी चांगलं नाव दिलं, म्हणून दिसली ती."

कुणाला दिसली, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"मला माफ करा," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्या वयात तसं रडताना लाज वाटत होती. "तुम्ही इतकी वर्षं वाट बघत राहिलात."

"वाट?" ती म्हणाली. "वाट कशाची बघू? मला तवाच कळलं व्हतं."

"कसं?"

"तू खिडकीत उभी व्हतीस. अंगात माझ्या पोरीचं झंपर. एक बाही हिरवी, एक लाल. हिरवं कापड सरलं, म्हणून म्या लाल लावलं व्हतं. जित्या लेकराचं झंपर काढून दुसऱ्याला कोण देतं?"

मी फ्रेममधल्या त्या काळ्या बाहीवर बोट ठेवलं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "गुरुजींना धरायचं. ओरडायचं."

"बोलले असते तं त्यांनी तुझ्या अंगातून काढून माझ्या हातात दिलं असतं," ठकूबाई म्हणाली. "माझी तं गेलीच व्हती. तुला कशाला उघडी करू?"

सांडू तोंड फिरवून बाहेर बघत होता. त्यालाही हे आजच कळत होतं. आईनं एवढी वर्षं त्याला फक्त "आली नाय" एवढंच सांगितलं होतं.

म्हातारीनं हात पुढं केला, माझा चेहरा चाचपला. कपाळ, चष्मा, गाल. मग विचारलं, "गूळ खाल्ला व्हतास का?"

"खाल्ला."

"मंग झालं. तुझ्यासाठीच बांधला व्हता."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वेळ ठेवलं ते आठवत नाही. चौसष्ट वर्षांची बाई आणि जवळजवळ साठ वर्षांचं ओझं. कागदावर मी दगडीच्या वयाची आहे म्हणून चौसष्ट, खरी वर्षभरानं लहान. त्या दुपारी मला दोन्ही वयं आठवत नव्हती. म्हातारी माझ्या केसांतून बोटं फिरवत काहीतरी पुटपुटत होती, आणि मला समजलं की ती मराठीत बोलत नाहीये. आमच्या बोलीत बोलतेय. मला सगळं कळलं नाही. पण कळत होतं.

नंतर सांडूनं चहा केला. मी पर्समधून फॉर्म काढला, घडी उलगडली आणि तिकिटाचं समजावून सांगितलं. लहान लेकरू असलं तर आईबापाची सही लागते, तेही सांगितलं.

"ती लहानच हाये," ठकूबाई म्हणाली आणि अंगठा पुढं केला. सांडूनं शेजारून शाईचा पॅड आणला.

अंगठा उमटल्यावर तिनं विचारलं, "अन् तुझं नाव काय?"

"सत्यभामा."

"ते माझ्या पोरीचं. तुझ्या आईनं काय ठिवलं व्हतं?"

आई जाऊन चाळीस वर्षं झाली. तिच्यानंतर त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. "बुधी," मी म्हणाले.

"बुधे, चहा निवतोय," ती म्हणाली.

पोस्टात संघपालनं तो फॉर्म नीट वाचला. ठकूबाईचं आधारकार्ड पाहिलं, अंगठा पाहिला, फोटो पाहिला.

"मुलीचं नाव?"

"दगडी."

"वय?"

"सात."

"आता?"

"आताही सात," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पोस्टातला माणूस, रोज किती पत्त्यांवरची माणसं सापडत नाहीत ते त्याला ठाऊक असतं. त्यानं खाली मान घालून सात लिहिलं. "माझी आजी पण दगडाबाईच व्हती," एवढंच म्हणाला आणि पावती फाडली.

तिकिटं आली तेव्हा जून लागला होता. एका पानावर बारा. बारांवर तोच दाणेदार चेहरा, खांद्यापाशी थोडी दिसणारी एक बाही काळी, एक पांढरट. मी ते पान घेऊन पुन्हा लासूरला गेले. ठकूबाईला दिसत नव्हतं, तिनं बोटांनी दाते चाचपले. एकेक तिकीट, एकेक कड.

"एवढ्या दगड्या?" ती म्हणाली.

"बारा. सगळ्या तुमच्या."

तिनं विचार केला. मग सांडूला एक फाडायला सांगितलं आणि ते मुठीत धरलं. "ही माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बाकीच्या फिरू दे, बुधे. लई दिवस एका जागी बसली पोर."

घरी येऊन करुणाला पत्र लिहायला बसले. चार वेळा फाडलं. "तो फोटो माझा नाही" इथून सुरू करायला मला संध्याकाळ झाली, पण एकदा सुरुवात झाल्यावर सात पानं झाली. भिंतीवरची फ्रेम जागेवरच आहे, फक्त आता तिच्याखाली चिठ्ठी आहे, खरं नाव लिहिलेली. दुसऱ्या दिवशी दगडीला पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटवलं. कॅनडाला तेवढं पुरत नाही, म्हणून तिच्या शेजारी पोस्टातली साधी तिकिटं लावली. तिला सोबत झाली.

संघपालनं शिक्का उचलला. मी म्हटलं, बाळा, तोंडावर नको. त्यानं अगदी कडेला, बाहीपाशी, हलकेच टेकवला. मग पाकीट उलटं करून म्हणाला, "मावशी, पाठवणाऱ्याचं नाव राहिलं."

मी पेन घेतलं आणि बुधी लिहिलं. हात थरथरला नाही असं मी म्हणणार होते, पण आता खोटं कशाला? चांगला थरथरला.